विज्ञान आणि कायदा एकत्र : जालन्याच्या मुलामुलींनी विद्यापीठ कसे निवडावे?

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलला आहे. पूर्वी बदनापूर, भोकरदन, मंठा या भागांतले पालक विचारायचे, डी.एड. करावे की नर्सिंग? आता विचारतात, "मुलीला सायन्सची गोडी आहे आणि वकीलही व्हायचे आहे. बी.एस्सी. एलएल.बी. म्हणून एक पदवी असते म्हणतात. ती कुठे करावी?" हा बदल आम्हाला मोठा वाटतो. ज्या घरातली पहिली पिढी ऊसतोडीला गेली आणि दुसरी जालन्याच्या पोलाद कारखान्यात भट्टीपुढे राबली, त्या घरातली तिसरी पिढी आता पाच वर्षांच्या दुहेरी पदवीची चौकशी करते आहे. म्हणून या प्रश्नाला एखाद्या कॉलेजचे नाव सांगून मोकळे होणे आम्हाला योग्य वाटत नाही.

आधी हे पाहू की विज्ञान आणि कायदा एकत्र शिकलेला माणूस समाजाला का हवा आहे. उदाहरण लांबचे नाही. परभणी हा जालन्याच्या शेजारचा जिल्हा. तिथे १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या पोलिसी कारवाईत अटक झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ते स्वतः कायद्याचे विद्यार्थी होते. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात झाले. प्राथमिक अहवालात मृत्यूचे कारण अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे नोंदले गेले. सरकारने मात्र विधिमंडळात पोलिसांची मारहाण नाकारली आणि आजारपणाकडे बोट दाखवले. त्यांच्या आईच्या वतीने ॲड. प्रकाश आंबेडकर उच्च न्यायालयात उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही ३० जुलैला तो आदेश टिकला.

या सगळ्या लढाईत रस्त्यावरचा संताप होता, मोर्चे होते, आईची जिद्द होती. पण सरकारी खुलाशासमोर ठामपणे उभा राहिलेला कागद होता तो डॉक्टरांच्या अहवालाचा. त्या अहवालातली एक ओळ वेगळी असती तर काय झाले असते? खैरलांजीचे प्रकरण आठवून पाहा. २००६ मध्ये भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा पहिल्या शवविच्छेदनावर इतके आक्षेप आले की मृतदेह उकरून दुसऱ्यांदा तपासावे लागले. तोपर्यंत वेळ निघून गेली होती. आरोपींना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे न्यायालयात टिकली नाहीत. जमवायचा पुरावा पहिल्या काही दिवसांत जमवला नाही तर नंतरच्या कितीही मोठ्या वकिलाचा उपयोग मर्यादित राहतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे बंधनकारक होत आहे. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे यापुढे खून, बलात्कार आणि ॲट्रॉसिटीच्या गंभीर प्रकरणांत रक्तगट, डीएनए, मोबाइलचा डेटा यांचे जाडजूड अहवाल न्यायालयात येणार. ते वाचणार कोण? नमुना कोणत्या तारखेला घेतला, तो कुणाच्या ताब्यात किती दिवस पडून होता, सील शाबूत होते का, चाचणी कोणत्या पद्धतीने केली, हे प्रश्न विचारायचे तर वकिलाला प्रयोगशाळेची भाषा यावी लागते. फिर्यादीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या आपल्या वकिलांपैकी किती जणांना ती येते? याचे उत्तर प्रत्येक बार रूममध्ये सर्वांना माहीत आहे.

दुसरे कारण खास जालन्याचे आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. आजचे सोने म्हणजे बियाणे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिकोची स्थापना केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेले पहिले बीटी कापूस बियाणे याच कंपनीचे होते. त्या बियाण्यातल्या जनुकाच्या पेटंटवरून पुढे मोन्सँटो आणि नुझिवीडू सीड्स यांच्यात मोठा खटला झाला. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे वनस्पती आणि बियाणे यांना पेटंट मिळत नाही. मग बियाण्यात घातलेल्या जनुकाच्या तुकड्याला मिळते का? दिल्ली उच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने २०१८ मध्ये पेटंट रद्द ठरवले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि इतका गुंतागुंतीचा प्रश्न तज्ज्ञांच्या साक्षीपुराव्याशिवाय सुटणार नाही असे सांगून खटला पुन्हा एकल न्यायाधीशांकडे पाठवला. अंबड-घनसावंगीचा कापूस उत्पादक पाकिटामागे किती रुपये मोजतो, त्याचा संबंध या युक्तिवादाशी होता. त्या पाकिटाच्या किमतीबद्दल बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, कलम ३(जे) वाचलेले फार थोडे.

औषधांचेही तसेच. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिवेक या कर्करोगावरील औषधाचे पेटंट नाकारले. त्या खटल्यात मुद्दा होता एका संयुगाच्या स्फटिकरूपाचा, म्हणजे शुद्ध रसायनशास्त्राचा. मार्च २०२३ मध्ये बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाच्या पेटंटची मुदत वाढवू पाहणारा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्याला हरकत घेणाऱ्यांत क्षयरोगातून उठलेल्या नंदिता वेंकटेशन होत्या. क्षयरोग कोणाच्या वस्त्यांत जास्त असतो हे वेगळे सांगायला नको.

आता मूळ प्रश्न : ही पदवी कुठे मिळते? महाराष्ट्रात तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. संभाजीनगरचे २०१७ मध्ये सुरू झाले, जालन्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. पण या तिन्ही ठिकाणचा मुख्य अभ्यासक्रम बी.ए. एलएल.बी. हाच. विज्ञान आणि कायदा जोडलेली पदवी हवी असेल तर बहुधा राज्याबाहेर पाहावे लागते. गांधीनगरच्या गुजरात राष्ट्रीय विधी विद्यापीठात बी.एस्सी. एलएल.बी. आहे आणि तिथला प्रवेश क्लॅट परीक्षेतून होतो. गांधीनगरलाच राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. २०२० च्या संसदीय कायद्याने ते केंद्रीय संस्था झाले आणि तिथेही ही पदवी आहे. कोचीनच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात संगणकशास्त्र आणि कायदा असा जोड आहे. भुवनेश्वरच्या केआयआयटीसारख्या खासगी विद्यापीठांतही ती मिळते, पण खासगी शुल्काचा आकडा पाहूनच अनेक पालक फोन ठेवतात.

नाव एकच असले तरी आतला माल वेगळा असतो. एका ठिकाणी रसायन, भौतिक, जीवशास्त्र आलटून पालटून शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी सगळा भर न्यायसहायक विज्ञानावर, तिसऱ्या ठिकाणी फक्त संगणक. पाच वर्षांत कायद्याचे अनिवार्य विषय बसवायचे म्हटल्यावर विज्ञानाला जागा उरते ती आधीच कमी. म्हणून आमची पहिली सूचना अशी की माहितीपुस्तिकेतली इमारतींची छायाचित्रे पाहू नका, विज्ञानाचे एकूण किती पेपर आहेत आणि प्रयोगशाळेचे किती तास आहेत ते मोजा. ज्या संस्थेत प्रयोगशाळाच नाही तिथली बी.एस्सी. ही नावापुरती बी.एस्सी. समजावी.

याला व्यावहारिक कारणही आहे. पेटंट एजंट व्हायचे तर पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते आणि परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. कायद्याची पदवी त्याला पुरत नाही. तेव्हा शेवटी हातात पडणाऱ्या प्रमाणपत्रावर बी.एस्सी. स्पष्ट लिहिलेले असते का, कोणत्या विषयात असते, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आहे का, किती जागांना आहे, कोणत्या वर्षापर्यंत आहे, हेही पाहा. "कॉलेज मान्यताप्राप्त आहे" या उत्तरावर थांबू नका. बी.ए. एलएल.बी.ला असलेली मान्यता बी.एस्सी. एलएल.बी.ला आपोआप लागू होत नाही.

यापुढची गोष्ट मात्र कोणतीही करिअर मार्गदर्शन संस्था पालकांना सांगत नाही, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील नियम १३ प्रमाणे एकत्रित दुहेरी पदवीच्या मध्येच कुणाला प्रवेश मिळत नाही आणि मध्येच बाहेर पडणाऱ्याला पदवीचा अर्धा भागही मिळत नाही. तीन वर्षे बी.एस्सी.चे सगळे पेपर उत्तीर्ण केले आणि चौथ्या वर्षी घरावर आपत्ती आली, तर त्या मुलाच्या हातात बारावीचे गुणपत्रकच राहते. नोकरदार घरासाठी हा नियम किरकोळ आहे. आपल्या घरांसाठी नाही. एका दुष्काळाने, बापाच्या एका अपघाताने, बहिणीच्या एका लग्नाने शिक्षण थांबलेली मुले प्रत्येक गावात आहेत. मराठवाड्यात पाच सलग वर्षे घरात काहीच घडणार नाही असे गृहीत धरणे म्हणजे पाऊस वेळेवर येईल असे धरून कर्ज काढण्यासारखे आहे.

त्याच्या तुलनेत तीन वर्षांची साधी बी.एस्सी. आणि नंतर तीन वर्षांची एलएल.बी. हा मार्ग एक वर्षाने लांबचा, पण मध्ये एक पक्का टप्पा आहे. तीन वर्षांनंतर हातात पदवी असते, त्यावर स्पर्धा परीक्षा देता येते, प्रयोगशाळेतली नोकरी धरता येते आणि सवडीने कायद्याकडे वळता येते. आणि हा मार्ग आपल्या दाराशी आहे, याचे भान आपल्याला का नसते कोण जाणे. संभाजीनगरात २००९ मध्ये सुरू झालेली शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. तिथे न्यायसहायक विज्ञानात बी.एस्सी. करता येते, सरकारी शुल्कात. त्याच शहरात माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे. नागसेनवनात मिलिंद विज्ञान महाविद्यालय आहे आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे विधी महाविद्यालयही आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे केले ते निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या याच मागास भागासाठी. ज्याला दुहेरी पदवी म्हणून लाखो रुपये मोजले जातात, ते दोन्ही विषय त्या एका परिसरात आज शिकता येतात. तिथल्या शिक्षकांच्या रिक्त जागा, प्रयोगशाळांची अवस्था हा वेगळा आणि कडू विषय आहे, तो आम्ही इथे काढत नाही.

खुद्द जालन्यातही जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आणि बारवाले महाविद्यालय इथे विज्ञान शाखा जुनी आहे. घरून डबा नेऊन बी.एस्सी. होते. मुलीला बाहेर ठेवायला घरचे कचरतात तिथे ही गोष्ट निर्णायक ठरते (कचरू नये, असे आमचे मत आहे, पण वस्तुस्थिती वस्तुस्थिती आहे). पुढची एलएल.बी. कुठे करावी याचे पर्यायही बी.एस्सी.नंतर वाढतात. दिल्ली विद्यापीठाच्या विधी विभागातली तीन वर्षांची एलएल.बी. शुल्काच्या दृष्टीने अजूनही सामान्यांच्या आवाक्यात आहे. पेटंटकडेच जायचे ठरले असेल तर आयआयटी खरगपूरची राजीव गांधी बौद्धिक संपदा विधी शाळा आहे, २००६ पासून. तिथे केवळ बी.एस्सी. चालत नाही, अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा विज्ञानातली पदव्युत्तर पदवी लागते. पण मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आयसीटीचे, मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यातच आहे. तिथला एकात्मिक एम.टेक. आणि मग खरगपूरची एलएल.बी. हा रस्ता लांब आहे, परंतु त्या रस्त्याने गेलेल्या जालन्याच्या मुलाला बियाणे आणि औषध कंपन्यांच्या पेटंटसमोर उभे राहताना कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

मग गांधीनगरला कोणी जाऊच नये का? तसे आमचे म्हणणे नाही. ज्या मुलाचे इंग्रजी बारावीपर्यंत पक्के झाले आहे आणि ज्याच्या शुल्काची सोय आधीच झाली आहे, त्याने जरूर जावे. तिथे मिळणारा सहवास, ग्रंथालय, मूट कोर्ट यांचे मोल मोठे आहे. आपली मुले तिथे असायलाच हवीत. क्लॅट फक्त इंग्रजीतून होते. राज्य सीईटी कक्षाची विधी सीईटी मराठीतूनही देता येते, पण तिच्यातून राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा दरवाजा उघडत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलासाठी हा भाषेचा उंबरठा शुल्काच्या उंबरठ्यापेक्षा उंच आहे. पेटंट कायद्याचे अभ्यासक शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये आयडीआयए ही संस्था याच कारणासाठी काढली, वंचित मुलांना क्लॅटसाठी तयार करायला. २०१९ मध्ये ते गेले, संस्था चालू आहे. अकरावीतच तिच्याशी संपर्क करावा, बारावीच्या निकालानंतर उशीर होतो.

पैशाचा हिशेब नीट करा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च वसतिगृह धरून साधारण दोन ते तीन लाखांच्या घरात जातो. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आणि राज्याबाहेर शिकणाऱ्या मुलाला ती मूळ राज्याकडूनच मिळते. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या 'टॉप क्लास' योजनेत उत्पन्न मर्यादा आठ लाख आहे. मात्र संस्था त्या योजनेच्या यादीत असावी लागते आणि जागा मोजक्या असतात. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की राज्याच्या शुल्क सवलतीवर पाणी सोडावे लागते. एजंट हे सांगत नाही. संभाजीनगरात शिकायचे ठरले आणि वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेचे वर्षाला ५१ हजार रुपये मिळू शकतात. ते उशिरा मिळतात हे आम्हालाही माहीत आहे.

जातीच्या दाखल्याचा घोळ वेगळा. १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, पण त्या मूळ जातीच्या आधारे. आपल्याकडचा 'नवबौद्ध' हा शब्द गुजरात किंवा केरळच्या प्रवेश कक्षात बसलेल्या माणसाला कळतोच असे नाही. केंद्रीय संस्थेसाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातले प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. शिवाय अनुसूचित जातीचा दर्जा राज्यनिहाय असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय पीठाने २०१८ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. म्हणून गुजरातच्या विद्यापीठात गुजरातच्या रहिवाशांसाठी राखलेल्या जागेवर जालन्याच्या मुलाचा हक्क नाही. अखिल भारतीय जागांमधल्या अनुसूचित जातीच्या जागांसाठीच त्याचा विचार होतो. मागच्या वर्षीची गुणवत्ता यादी पाहताना याच रकान्यात पाहा. नाहीतर प्रवेश नक्की धरून बसलेले घर ऑगस्टमध्ये हताश होते.

पदवीनंतरचे दोन निर्णयही लक्षात ठेवा. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकील म्हणून नोंदणीचे शुल्क अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणले. त्याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. २० मे २०२५ च्या निकालाने मात्र कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. त्या तीन वर्षांत नवख्या वकिलाला सीनियर काय देतो हे कोणत्याही तालुका न्यायालयात विचारा. ज्या घराला मूल न्यायाधीश व्हावे असे वाटते, त्या घराने पाच किंवा सहा वर्षांच्या शिक्षणापुढे या तीन वर्षांचाही खर्च धरावा.

राहता राहिला प्रश्न आपल्या विद्यापीठाचा. ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसे मेली, घरे जळाली, ते १४ जानेवारी १९९४ पासून बाबासाहेबांचे नाव धारण करते. जालन्याची महाविद्यालये त्याच्याशीच संलग्न आहेत. रसायनशास्त्राचा विभाग तिथे आहे, कायद्याचा विभाग आहे, शहरात न्यायसहायक विज्ञानाची शासकीय संस्था आहे, प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. देशात फार थोड्या शहरांत हे सगळे एकत्र सापडेल. तरी बी.एस्सी. एलएल.बी.साठी इथल्या मुलाने गांधीनगरला जायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने नवीन विधी महाविद्यालयांवर तीन वर्षांची स्थगिती घातली, आणि जुन्या संस्थांनाही नवा अभ्यासक्रम पूर्वपरवानगीशिवाय सुरू करता येत नाही. म्हणजे विद्यापीठाने आज प्रस्ताव तयार केला तरी परवानगीला वेळ लागणार. अधिसभेत निवडून गेलेल्या आंबेडकरी प्रतिनिधींनी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणावा, अशी आमची मागणी आहे. बॅनरवर फोटो येण्यासारखा हा विषय नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

तोपर्यंत या वर्षी अकरावीत असलेल्या मुलांच्या पालकांनी दोन कामे उरकून घ्यावीत. जात पडताळणीचा प्रस्ताव महाविद्यालयामार्फत आताच दाखल करावा, वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यासह. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावच्या जुन्या महसुली नोंदी शोधायला वेळ लागतो. आणि केंद्रीय नमुन्यातल्या दाखल्यासाठी तहसीलला अर्ज करताना मुलाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणेच आहे का, हे खिडकीवरच तपासून घ्यावे.